गावातील शिल्पे : वीरगळ वाचावा कसा

झुंजीत कामी आलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. मारुतीच्या देवळामागे, महादेवाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर, ओढ्याच्या काठी किंवा गावाच्या जुन्या वेशीपाशी तो अर्धा मातीत गाडलेला दिसतो. अनेक ठिकाणी शेंदराने माखलेला असतो, काही ठिकाणी त्याच्यावर कपडे धुतले जातात. गावाने स्वतःच्या माणसासाठी, स्वतःच्या जागेत उभारलेले हे शिल्प आहे, आणि म्हणूनच राजाश्रयाने घडलेल्या लेण्यामंदिरांइतकेच ते मोलाचे आहे.

शब्द कन्नड वळणाचा आहे. कन्नडात ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘वीरगल्लु’वरून मराठीत वीरगळ आला. चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार आणि यादव यांच्या राज्यांत मराठी आणि कन्नड मुलूख एकमेकांत मिसळलेले होते, त्याची खूण या एका शब्दात शिल्लक आहे. प्रथा मात्र एवढ्याच प्रदेशाची नाही. तमिळनाडूत अशा दगडाला ‘नडुकल’, गुजरातेत ‘पाळियो’, राजस्थानात ‘देवळी’ म्हणतात. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ साधारणपणे शिलाहार-यादव काळातले, म्हणजे दहाव्या ते चौदाव्या शतकातले मानले जातात. पण दगड उभारण्याची रीत पुढे मराठेशाहीतही चालू राहिली.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो, आणि नवख्या माणसाची चूक नेमकी इथेच होते. दगडाचा सर्वांत खालचा भाग न कोरता ठेवलेला असतो, कारण तो जमिनीत रोवायचा असतो. त्याच्यावर तीन किंवा चार चौकटी असतात. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला दिसतो. त्याच्या शेजारी गाई कोरलेल्या असतील, तर हा माणूस गुरे वाचवताना मेला असे समजावे. गाईगुरे हीच त्या काळी गावाची खरी संपत्ती होती. शत्रूची गुरे हाकून नेणे ही लढाईची नेहमीची पद्धत होती, आणि ती परत आणायला जे धावले त्यांच्यातलेच काही या दगडांवर आहेत. गाईंऐवजी कधी वाघ असतो, कधी घोडा.

दुसऱ्या चौकटीत प्रत्यक्ष लढाई असते. वीराच्या हातात ढाल-तलवार, भाला किंवा धनुष्य असते, समोर एक किंवा अनेक शत्रू असतात. शिल्पकाराने नायकाला बहुधा थोडे मोठे दाखवलेले असते, त्यामुळे गर्दीतही तो ओळखू येतो. तिसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. रणात पडलेला थेट स्वर्गात जातो, ही समजूत इथे चित्ररूपाने येते. सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो आणि पलीकडे पुजारी पूजा करत असतो. वीर जैन असेल तर लिंगाच्या जागी तीर्थंकर येतो. कर्नाटकात अशी उदाहरणे आहेत. माथ्यावर कळस आणि त्याच्या दोन अंगांना सूर्य-चंद्र. चंद्रसूर्य असेतो याची कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ. मेलेला देह तळाशी आणि हात जोडून बसलेला जिवंत माणूस माथ्याशी, अशी ही मांडणी अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी म्हणूनच केलेली आहे.

अक्षरांवाचून समजण्याची ही सोय महत्त्वाची होती, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. कर्नाटकात वीराचे नाव, राजाचे नाव, तिथी आणि प्रसंग कोरण्याची पद्धत होती. आतकूरच्या प्रसिद्ध शिळेवर, दहाव्या शतकाच्या मध्यात, रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याचे स्मरण केलेले आहे. ती शिळा आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. इकडे मराठी मुलखात मात्र शेकडो माणसे नाव नसताना उभी आहेत. दगड उभारला तेव्हा गावाला नाव ठाऊक होते, ते कोरण्याची गरज कोणाला वाटली नसावी. पिढ्या गेल्या, नाव गेले आणि दगड राहिला. काळ ठरवायला मग शैलीचाच आधार उरतो: केसांचा अंबाडा आहे की डोक्यावर पगडी, तलवार सरळ की वाकडी, शेजारच्या मंदिराचे खांब कोणत्या वळणाचे. यावरून निघणारा काळ अंदाजाचाच असतो, वर्ष सांगता येत नाही.

सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यात, चंदन-वंदन किल्ल्यांच्या परिसरात किकली हे गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की वीरगळांचे गाव हीच त्याची ओळख झाली आहे. एकाच ठिकाणी अनेक दगड पाहता आले की कारागिरांचे हात वेगळे पडू लागतात. एकाची माणसे ठोकळेबाज, दुसऱ्याच्या घोड्याला अंगभर साज, तिसऱ्याच्या अप्सरांच्या ओढण्यांना वाऱ्याची लय. काळ्या बसाल्टासारख्या कठीण दगडात एवढे सगळे हातभर रुंदीत बसवणे सोपे नाही. म्हणूनच उठाव उथळ ठेवलेला असतो, आणि चेहऱ्यापेक्षा हातपाय व शस्त्रे यांवर भर असतो.

किनाऱ्यावर लढाईचे चित्र पालटते. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर या जुन्या गावात सहा वीरगळ आहेत, बहुतेक माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठे. त्यांतल्या काहींवर डोलकाठ्या आणि वल्ह्यांची गलबते एकमेकांवर चाल करून जाताना दिसतात. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातल्या, तेराव्या शतकातल्या युद्धाशी अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात. महादेवाच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने सोमेश्वराचा शेवट समुद्रात झाल्याचे लिहिले आहे, त्यामुळे हा तर्क पटण्याजोगा वाटतो. शिळांवर मात्र तसे लिहिलेले नाही. गोव्यातही कदंबकाळातले, जहाजे कोरलेले वीरगळ सापडले असून ते पणजीच्या राज्य संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. मध्ययुगीन कोकणी जहाजांचा आकार समजून घ्यायला अशी समकालीन चित्रे फार थोडी मिळतात.

वीरगळाच्या शेजारी अनेकदा दुसरा दगड असतो, त्यावर कोपरात वाकलेला आणि बांगड्यांनी भरलेला स्त्रीचा हात असतो. ती सतीशिळा. कधी एकाच दगडावर वीर आणि हा हात एकत्र येतात. बांगड्या शाबूत असलेला हात म्हणजे अखंड सौभाग्य, असे त्या काळाने मानले. आज पाहणाऱ्याने त्या हातामागचे जळणे विसरू नये. सतीशिळांचा स्वतंत्र विचार पुढील भागात येईल.

तिसरा दगड वीरगळासारखाच दिसतो, पण त्याचे काम निराळे. तो गधेगळ. माथ्यावर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प. दिलेले दान जो मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल, ही ती शापवाणी. अलिबागजवळच्या अक्षी गावातल्या गधेगळावर केसिदेव राजाच्या काळातला मराठी लेख आहे. त्याचा शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेला असून मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी धान्य नेमून दिल्याचा मजकूर त्यात आहे. असा हा दगड बरीच वर्षे रस्त्याकडेला उघड्यावर पडून होता. गधेगळ अशुभ मानून तो पालथा घालण्याची किंवा पुरून टाकण्याची चाल अनेक गावांत आहे, त्यामुळे किती लेख मातीखाली असतील याचा हिशेब लागत नाही.

नाव विसरलेला वीर पुष्कळदा देव होतो. कुठे तो म्हसोबा म्हणून पुजला जातो, कुठे वेताळ, कुठे नुसताच ‘वीर’. घराण्यात अकाली मेलेल्या पूर्वजाचा टाक देवघरात ठेवण्याची पद्धतही याच जातीची आहे. नाशिककडे धुळवडीच्या दिवशी हे वीरांचे टाक वाजतगाजत मिरवतात आणि नदीवर स्नानाला नेतात. ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगर-गवळ्यांच्या देवता आणि हे स्मारकदगड यांच्यातले नाते बारकाईने तपासले. त्यांनी आणि एस. शेट्टर यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा इंग्रजी ग्रंथ १९८२ साली निघाला आणि तो आजही या विषयाचा पाया आहे.

पूजेमुळे दगड टिकतो, पण शिल्प बुजते. शेंदूर आणि तेलाची पुटे साचत जाऊन चौकटी सपाट होतात. ऑइलपेंट त्याहून वाईट: तो दगडाच्या छिद्रांत जातो आणि खरवडताना कोरीवकामाची धार घेऊन निघतो. जीर्णोद्धारात वीरगळ पायरीला किंवा भिंतीला लावला जातो, तेव्हा निम्म्या चौकटी कायमच्या आत जातात. शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते, परंतु बांधावरच्या प्रत्येक दगडाजवळ पहारा बसवणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. सर्व दगड उचलून संग्रहालयात न्यावेत, हा उपायही सरसकट बरा नाही. कोणत्या वेशीवर, कोणत्या वाटेला तोंड करून वीरगळ उभा होता, यातच त्याची अर्धी हकीगत असते, आणि जागा सुटली की ती हकीगत जाते.

वीरगळ पाहायचा तर सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, ऊन तिरपे पडत असताना जावे. भर दुपारी समोर असलेली चौकटही दिसत नाही. साधे पाणी शिंपडले की झिजलेल्या रेषा काही क्षण वर येतात. खडू, पीठ किंवा रंग भरून फोटो काढू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. लेख असेल तर ओला कागद दाबून ठसा घेणे हे जाणत्याचे काम. बाकीच्यांनी दगडाची उंची, चौकटींची संख्या, प्रत्येक चौकटीत काय आहे, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि गावात त्याला कोणत्या नावाने ओळखतात, एवढे लिहून ठेवले तरी त्या दगडाची नोंद झाली.