लिथियम बॅटरी घरात ठेवायची कुठे?

छतावर सौर पॅनल बसले की लाईट जाण्याची कटकट संपली, असे पुष्कळांना वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि गावोगावी पॅनल चढले. पण महावितरणच्या लाईनला जोडलेला साधा संच लाईट गेली की आपणहून बंद पडतो. तो बंद पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातल्या तारेत आपल्या छतावरून वीज येईल. भर उन्हात पंखा थांबतो आणि घरात बॅटरीचा विषय निघतो.

आता दुकानदार लिथियम सुचवतात. इन्व्हर्टरच्या जुन्या ट्युब्युलर बॅटरीपेक्षा ती हलकी असते, तिच्यात पाणी भरावे लागत नाही आणि टिकतेही जास्त. घरच्यांच्या मनात मात्र पेटलेल्या स्कूटरचे व्हिडिओ असतात. ही भीती अनाठायी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. घरातली माणसे झोपेत होती.

बॅटरीच्या आत घडते ते असे. सेलच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती पेट घेणारा द्रव. जास्त चार्जिंग, मार, आतला दोष किंवा बाहेरची उष्णता, कशानेही सेल तापला की शंभर अंशांच्या आसपासच आत रासायनिक क्रिया सुरू होतात. त्या स्वतःच उष्णता देतात. १३० अंशांच्या सुमारास पडदा वितळू लागतो, दोन टोके भिडतात आणि मग तापमान कोणालाच आवरत नाही. एक सेल शेजारच्याला पेटवतो. याला थर्मल रनअवे म्हणतात.

पण सगळे लिथियम सारखे नसते. बऱ्याच गाड्यांत निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल असतात. फार तापले की ते स्वतःच ऑक्सिजन सोडतात, आगीला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तो सहज सुटत नाही. हा पदार्थ शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत पुढे आला. घरासाठी एलएफपीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीही अग्निरोधक नव्हे. बिघडली तर हायड्रोजनमिश्रित वायू सोडते आणि बंद खोलीत साचलेल्या त्या वायूला एक ठिणगी पुरते.

नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरची पत्र्याची खोली त्याहून कितीतरी तापते. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात. सौर बॅटरी चार्ज होते नेमकी अकरा ते तीनमध्ये, खोली सर्वांत तापलेली असताना. बॅटरीतली बीएमएस ही देखरेख यंत्रणा चांगली असेल तर ती चार्जिंग तोडते आणि मालक बॅटरी खराब निघाली म्हणून तक्रार करतो. स्वस्तातल्या पॅकमध्ये तापमान मोजणारा सेन्सरच नसेल, तर चार्जिंग चालूच राहते.

म्हणून पत्र्याची खोली नको. जिन्याखालची जागा सोयीची खरी, पण आग लागली तर वरच्या मजल्यावरच्यांची वाटच बंद होते. जुन्या माळवदाच्या घराच्या जाड भिंती खोली थंड ठेवतात, मात्र वर लाकडी तुळया आणि किलचन असते, तिथेही नको. उत्तरेकडच्या भिंतीला लागून, सावलीतला, हवेशीर, पावसापासून आडोसा असलेला व्हरांडा सर्वांत बरा. माहूरगडाखालच्या लॉजवाल्यांनी तर भाविक झोपतात त्या खोल्यांपासून आणि बाहेर पडायच्या वाटेपासून ती दूरच ठेवावी.

चुकीच्या जागेनंतरची दुसरी चूक जुन्या इन्व्हर्टरची. ट्युब्युलर बॅटरी काढून तिथे लिथियम जोडतात आणि चार्जिंगचे सेटिंग जुनेच राहते. बारा व्होल्टच्या एलएफपी पॅकला साधारण १४.६ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचे नसते; ट्युब्युलरचे सेटिंग कधीकधी ते ओलांडते. मग रोजच्या रोज सगळा भार बीएमएसवर पडतो. स्कूटरचे जुने सेल जोडून केलेले पॅक तर कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. बिलावर कंपनी, एलएफपी असा स्पष्ट उल्लेख आणि आयईसी ६२६१९ चाचणीचा दाखला मागावा.

पॅक फुगला, गोडसर वास आला किंवा आतून फसफस ऐकू आली तर झाकण उघडू नका. जमले तर मेन स्विच पाडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा. धूर विषारी असतो, ओला रुमाल त्याला अडवत नाही. अग्निशमन दल भरपूर पाणी मारते ते सेल थंड करण्यासाठी. तांड्यावर, घाटरस्त्याने गाडी यायला वेळ लागणारच. तोवर कोणालाही सामान काढायला आत जाऊ देऊ नका. विझलेला पॅक काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटू शकतो. तो घरात, गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ ठेवू नये. अग्निशमन दलाकडून तो भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत ठेवून घ्यावा आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत हात लावू नये.