जॅग्वारची झाकणं आणि माझी दहा बोटं

‘‘आधी ते नेलपॉलिश काढून ये,’’ मामा म्हणाला. कॉव्हेंट्रीतला रविवार, सकाळचे साडेसात, आणि मी कॉफीचा मग घेऊन त्याच्या गराजच्या दारात. तुम्ही म्हणाल, इंग्लंडला सुट्टीवर जाऊन गराजमध्ये कोण बसतं? मीही तेच म्हटलं होतं. पण समोर उभी होती १९६६ची जॅग्वार ई-टाइप! तिचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाकच, ते पुढे कलंडतं आणि इंजिन सगळं उघडं.

मामा मूळचा सांगलीचा. ही गाडी त्याने जवळजवळ भंगार म्हणूनच घेतली, तेव्हा मी शाळेत होते. आता राहिलीत फक्त इंजिनावरची दोन लांब अॅल्युमिनियमची झाकणं, म्हणजे कॅम कव्हर्स. एक त्याने हाताने घासून चकाचक केलं. दुसऱ्याच्या वेळी संधिवाताने उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. बफिंग मशीनवर हेच काम किती पटकन होईल! पण मशीनचं नाव काढलं की मामाचा चेहरा बघावा. मशीनने कडा गोल होतात, आणि घासून गेलेला धातू परत येत नाही, असं त्याचं म्हणणं.

एवढं कौतुक झाकणांचं? तर हे एक्सके इंजिन याच शहरातलं. महायुद्धात कारखान्यावर रात्री आगीचा पहारा करताना जॅग्वारचे इंजिनिअर त्याचा विचार करायचे. कंपनीचे सर्वेसर्वा विल्यम लायन्स यांना ते नुसतं ताकदवान नाही, देखणंही हवं होतं. १९४८मध्ये एक्सके१२० गाडीतून ते लोकांसमोर आलं, ले मान्सची शर्यत पाच वेळा जिंकलं आणि थेट १९९२पर्यंत बनत राहिलं. चाळीसेक वर्षं! इथे आपला मोबाइल दोन वर्षांत म्हातारा होतो.

असो. काम सुरू. आधी जुनी, पिवळी पडलेली लॅकर काढायची. घरातला कॉस्टिक सोडा अजिबात नाही, तो अॅल्युमिनियमच खातो. मग वॉटर पेपर. २४०पासून सुरुवात, पुढे ४००, ६००, ८००, १२००. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. बोटांनी दाबलं तर धातूवर लाटा उठतात, म्हणून पेपर गुंडाळायचा जुन्या स्लीपरच्या तुकड्यावर (मामीची स्लीपर, तिला न विचारता). प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा फिरवायचा, आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. घाई करून ४०० लवकर सोडला, तर तो ओरखडा शेवटच्या पॉलिशमध्ये हमखास वर येतो. मला हे तीनदा कळलं.

दुपारी काम रंगात आलं आणि मी घोळ केला. कव्हर उलटं करून खालची कडही घासून टाकली, देवाची समई घासावी तशी. ती कड इंजिनावर बसते. तिथे चमक नको असते, सपाटी हवी असते. मामाने काही न बोलता कव्हर जाड काचेवर ठेवलं, मागून टॉर्च धरला. एका कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ.

‘‘रागावलास?’’

‘‘रागावून धातू येतो का परत?’’

मग काचेवर वॉटर पेपर चिकटवला आणि इंग्रजी आठचा आकडा काढत कव्हर फिरवत राहिलो. वरून माझे हात, त्यावर त्याचे न वळणारे. रेघ पुसट झाली, पूर्ण गेली नाही. आणखी घासू म्हटलं, तर त्याने हात उचलला.

पुढच्या रविवारी नवं गॅस्केट लावून कव्हर बसवलं. पहिल्या सेल्फलाच इंजिन घुमलं. दोन्ही कव्हर्समध्ये गराजची ट्यूबलाइट दिसत होती... आणि माझ्या कव्हरच्या त्याच कोपऱ्यात तेलाचा एक थेंब.

मामाने इंजिन बंद केलं, बोटाने थेंब टिपला, आणि गाडीखाली सरकवायला मामीकडे जुना पेपर मागितला.