चहा-कॉफीचा चोथा आणि चुनखडीयुक्त जमीन : एक विवेचन

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहराचा कचरा-प्रश्न फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्यानंतर ऐरणीवर आला. पुढे प्रक्रिया केंद्रांसाठी चिकलठाणा, पडेगाव व कांचनवाडी यांबरोबर हर्सूलचीही निवड झाली. त्यामुळे ओला कचरा घरीच जिरविण्याचा विचार हर्सूलकरांना परका नाही. प्रस्तुत लेखात त्यातील एका क्षुल्लक वाटणाऱ्या घटकाचे, म्हणजे गाळणीतील चोथ्याचे, विवेचन केले आहे.

चोथा आम्लधर्मी असल्याने तो आपल्या मातीचा अल्कधर्म कमी करतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो टिकण्यासारखा नाही. कॉफीतील आम्लांचा मोठा भाग पेयातच उतरतो. उरलेल्या चोथ्याचा सामू उदासीनतेच्या जवळपास असतो. शिवाय मराठवाड्यातील बेसाल्टजन्य काळ्या जमिनीत मुक्त चुना असून तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. हा चुना थोडेबहुत आम्ल तत्काळ निष्प्रभ करतो. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा मातीत लोह असूनही या चुन्यामुळे ते मुळांना मिळत नसते. तेथे मूठभर चोथा निरुपयोगी होय.

चोथ्याचे खरे मोल नत्रात आहे. कोरड्या कॉफीच्या चोथ्यात ते सुमारे २ टक्के, तर चहाच्या चोथ्यात सामान्यतः त्याहून अधिक असते. मात्र ते सेंद्रिय स्वरूपात बांधलेले असल्याने कुजल्याशिवाय पिकास लाभत नाही. कच्च्या चोथ्यातील कॅफीन व पॉलिफिनॉल कोवळ्या रोपांना बाधकही ठरतात. मेलबर्न येथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉफीचा चोथा थेट मातीत मिसळल्यावर ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल इत्यादींची वाढ खुंटली.

आपल्याकडे आणखी एक अडचण संभवते. येथील चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो (कोऱ्या चहाचे भोक्ते थोडेच!). असा चोथा कुंडीत टाकल्यास मुंग्या, बुरशी व दुर्गंधी ठरलेलीच. म्हणून तो दोन-तीन पाण्यांनी धुऊन, निथळून, उन्हात वाळवावा. नंतर वाळका पालापाचोळा व थोडे शेणखत यांच्यासह खतखड्ड्यात घालावा. एकूण आकारमानात त्याचे प्रमाण पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. ओलावा राखून अधूनमधून खालीवर केल्यास सामान्यतः दोन ते तीन महिन्यांत मातकट वासाचे, भुसभुशीत खत तयार होते. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात बी पेरण्यापूर्वी हेच खत घालावे, कच्चा चोथा नव्हे.