म्हातारीचे प्रश्न

नागपूरहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याने कारंजा मागे टाकून मालेगावकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत शेलूबाजार लागते. मंगरूळपीर तहसिलीतल्या, तूर-सोयाबीनच्या उलाढालीवर जगणाऱ्या या गावाच्या बाजारात ज्ञानाधिकार, संप्रदाय, गुरुशिष्यपरंपरा असल्या जड शब्दांची देवघेव होत असेल असे वरकरणी तरी वाटत नाही. परंतु ज्या मुलखात हे गाव वसले आहे त्याच्या एका अंगास रिद्धपूर आणि दुसऱ्या अंगास मेहकर व लोणार ही स्थाने आहेत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, यादवांच्या अमदानीत, वऱ्हाडच्या याच भूमीत वावरलेल्या एका पंथाने मराठी भाषेला तिचे पहिले गद्य चरित्र दिले, आणि त्या चरित्राच्या पानोपानी शिष्य काही ना काही विचारताना दिसतात.

या महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त पंथप्रवर्तक श्रीचक्रधरांना प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये महदाइसा ही बालविधवा उठून दिसते. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांची ती चुलतबहीण. मूळची ती दादोस ऊर्फ रामदेव या गुरूची शिष्या; चक्रधरांची भेट झाल्यावर तिने पहिला गुरू सोडून दुसरा केला. विधवेने घराबाहेर पाऊल टाकताना दहा वेळा विचार करावा अशा त्या काळात केवळ बोलणे ऐकून आणि ताडून पाहून गुरू बदलण्याचे धारिष्ट एका स्त्रीने दाखवावे, ही गोष्ट तिच्या काव्याइतकीच महत्त्वाची आहे असे मला वाटते. परंतु वाङ्मयेतिहासकार तिला आद्य मराठी कवयित्रीचा मान देऊन, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने तिने रचलेल्या ‘धवळ्यां’पाशीच बहुधा थांबतात. स्वतः चक्रधर तिला म्हातारी म्हणत, आणि ती जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, सतत काहीतरी पुसत असते, अशी तिची ओळख करून देत. या ओळखीत कौतुक किती आणि किंचित वैताग किती, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा.

महदाइसेसारख्या स्त्रियांच्या जिज्ञासेला मिळालेली उत्तरे आजही वाचणाऱ्याला थबकवतात. रजस्वलेचा विटाळ हा नाकातून शेंबूड यावा तसा देहाचा एक स्राव होय, तो पाळण्याचे कारण नाही, असे चक्रधरांनी सांगितले. स्त्रियांना ज्ञान कशाला, अशा अर्थाची शंका निघाली तेव्हा पुरुषाचा जीव तेवढा मोठा आणि बाईचा धाकटा असतो काय, असे प्रत्युत्तर त्यांनी दिले. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हा पंथ म्हणजे मुक्त वादविवादाचे सभागृह नव्हते. त्याचे आचारनियम विलक्षण कठोर होते. कोठे राहावे, कोणत्या देशी जाऊ नये, कोणाचा संग टाळावा याचे निर्बंध होते. आणि गुरूच्या उत्तरावर अपील नव्हते. तरीसुद्धा विचारणाऱ्याचे नाव आणि त्याची शंका उत्तराइतक्याच निगुतीने टिपून ठेवण्याची वहिवाट या पंथाने पाडली, हा त्याचा विशेष.

ती वहिवाट पाडणारा म्हाइंभट हा स्वतःच प्रथम चक्रधरांशी वाद घालायला आलेला, विद्वत्तेचा अभिमान बाळगणारा पंडित. चक्रधर निघून गेल्यावर त्याने रिद्धपुरी वाजेश्वरीच्या स्थानी लीळांच्या संकलनाचे काम मांडले. एखादा नेकीचा अंमलदार मोक्यावर जाऊन जबान्या घेतो तसे त्याने ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेतले. आणि आठवणींत भेद पडला तर एकाची ठेवून दुसऱ्याची पुसून टाकण्याऐवजी दोहोंची नोंद ठेवण्याची रीत या परंपरेत रूढ झाली. श्रद्धेच्या ग्रंथात साक्षीदारांची तफावत तशीच राहू द्यावी, यास मोठे मन लागते.

पुढची कथा मात्र उलट दिशेने जाते. पंथातील केशोबासांनी संस्कृतात रचना करण्याचा विचार केला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिल्यास आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, हे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळा’ने जपून ठेवले आहे. आणि ज्या पंथाने म्हाताऱ्यांसाठी देवभाषा नाकारली, त्याच पंथाने चौदाव्या शतकात आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद केले. भाषा मराठीच राहिली. केवळ एका अक्षराच्या जागी दुसरे बसले, आणि ज्याच्यापाशी किल्ली नाही त्याला ती पोथी म्हणजे निरर्थक अक्षरांची रास होऊन बसली. परचक्राचे भय, परकीयांचा उपद्रव, बाहेरच्यांकडून होणारी विटंबना ही कारणे खोटी नव्हेत. पण कुलूप चोरासाठी घातले तरी घरातल्यालाही किल्ली मागावीच लागते.

ही किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी समाजाच्या हाती आली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सांकेतिक लिपीची उकल केली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी महंतांचा विश्वास संपादन केला, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभावीय वाङ्मय अभ्यासकांपुढे आणले. आणि नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ छापून काढण्यास आरंभ केला.

शेलूबाजारापासून एका टप्प्यावर असलेल्या कारंज्याची हकीकत याच जातीची आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. धवला-जयधवला हे जैनांचे सिद्धान्तग्रंथ कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात बंदिस्त होते. गृहस्थांनी ते वाचू नयेत असा दंडक सांगितला जाई. नकलेचे काम पंडित गजपती उपाध्याय यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुपचूप एक जादा कानडी प्रत करून घेतली. त्या प्रतीच्या वंशजांपैकी एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात पोहोचली, आणि तिचाही आधार घेऊन प्रा. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून धवलेचे प्रकाशन आरंभिले. लक्ष्मीबाईंनी कोणालाही प्रश्न विचारला नाही. त्या नक्कल करीत राहिल्या.

महानुभावांचे ग्रंथ छापले गेल्याने प्रश्न मिटला असे झाले नाही. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा पंथातील काहींना त्यातील मजकूर आक्षेपार्ह वाटला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. कोलते हे वऱ्हाडचेच, मलकापूरकडच्या नरवेलचे, आणि पंथाच्या वाङ्मयासाठी आयुष्य वेचलेले. त्यांच्यावर अनादराचा आरोप करणे अवघड होते. वाद होता तो म्हाइंभटाच्या काळचाच, की साक्षीदाराने सांगितलेले सगळे नोंदवावे की नोंदवू नये.

आता २०२४ पासून रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. तेथे महदाइसेच्या ‘धवळ्यां’ना अभ्यासक्रमात जागा मिळेल यात शंका नाही; तिच्या पुसण्याला कोणत्या विषयाखाली जागा देणार, हे तेवढे कोणीतरी कुलगुरूंना विचारले पाहिजे.