गुरुवारचा बाजार, रविवारचा आकडा : चाचणीतील विलंब आणि रोजच्या रुग्णसंख्येचा अर्थ

कोविड-१९ च्या साथीत, २०२० व २०२१ या दोन वर्षांत, गोव्यातील घराघरांत एक नवा नित्यक्रम रुजला होता. आरोग्य संचालनालयाचे दैनिक पत्रक प्रसिद्ध झाले की ‘आज किती?’ हा प्रश्न ओसरीवर, औषधाच्या दुकानात आणि आपल्या दवाखान्यात एकदमच विचारला जाई. त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न असे : ‘स्वॅब देऊन तीन दिवस झाले, अहवाल कधी येणार?’ पहिला प्रश्न समाजाचा होता, दुसरा त्या त्या कुटुंबाचा. दोहोंची चर्चा वेगवेगळी होत असे. वास्तविक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असल्याखेरीज पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. हा संबंध उलगडून सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. साथ ओसरल्यावर हा विषय शिळा झाला, असे कोणी म्हणेल. परंतु हिशेब तपासण्यास निवांत वेळच योग्य असते.

आरंभीचे दिवस

२५ मार्च २०२० रोजी गोव्यात पहिले तीन रुग्ण आढळले. त्या वेळी राज्यात या विषाणूची चाचणी करण्याची सोय नव्हती. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जात आणि अहवालाची वाट पाहावी लागे. मार्चच्या अखेरीस नौदलाच्या डॉर्नियर विमानाने गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांचे एक पथक प्रशिक्षणासाठी पुण्यास गेले आणि त्यानंतर बांबोळी येथे ‘गोमेकॉ’च्या प्रयोगशाळेत चाचण्या सुरू झाल्या. पुढे ट्रूनॅट या यंत्राचीही जोड मिळाली. मुळात क्षयरोगाच्या निदानासाठी वापरात आलेले हे सुटसुटीत यंत्र वेर्णे येथील मोलबायो या कंपनीचे, म्हणजे गोव्याच्याच भूमीतले, ही सुखद बाब होय.

एप्रिलच्या आरंभी राज्यातील रुग्ण सात झाले आणि १९ एप्रिलपर्यंत ते सर्व बरेही झाले. मेच्या मध्यापासून रेल्वेने व रस्त्याने लोक परतू लागले, तसे पुन्हा रुग्ण आढळू लागले. जूनच्या आरंभी वास्कोतील मांगोर हिल परिसरात संसर्ग पसरल्याचे उघड झाले आणि नमुन्यांची संख्या एकाएकी वाढली.

सीमेवरील तालुक्यांना नमुना दूर पाठवून वाट पाहण्याचा अनुभव तसा नवा नव्हता. २०१५ साली सत्तरीत आणि २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप आढळला, तेव्हाही निदानाची भिस्त प्रारंभी बाहेरच्या प्रयोगशाळांवरच होती.

एका नमुन्याचा प्रवास

समजा, पेडण्याच्या गुरुवारच्या बाजारात एका गृहस्थास संसर्ग झाला. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत, प्रारंभीच्या विषाणूच्या बाबतीत, सरासरी पाच दिवस जात. म्हणजे त्यांना ताप भरला मंगळवारी. पहिला दिवस घरगुती उपायांत गेला. बुधवारी ते आरोग्य केंद्रात गेले व त्यांचा स्वॅब घेण्यात आला. नमुना विशिष्ट द्रवात घालून, थंड पेटीत ठेवून बांबोळीस पोहोचला. प्रत्यक्ष आरटी-पीसीआर चाचणीस, विषाणूतील आरएनए वेगळा करण्यापासून निष्कर्षापर्यंत, काही तासच लागतात. पण तत्पूर्वी नमुन्याची नोंद व्हावी लागते, आधीच्या नमुन्यांची रांग सरावी लागते आणि नंतर निष्कर्ष संगणकात भरला जाऊन केंद्रापर्यंत यावा लागतो. समजा, हा अहवाल शनिवारी आला. रविवारच्या वर्तमानपत्रात जो आकडा छापून आला, त्यात हे गृहस्थ एक झाले.

तात्पर्य, रविवारचा आकडा रविवारची परिस्थिती सांगतच नाही. तो दहा दिवसांपूर्वीच्या गुरुवारच्या बाजाराची बातमी देतो. या दहांपैकी पाच दिवस निसर्गाचे. ते आपल्या हाती नाहीत. उरलेले पाच दिवस मात्र माणसांचे आणि व्यवस्थेचे आहेत.

या आजारात लक्षणे दिसण्यापूर्वी साधारण दोन दिवसांपासून रुग्ण इतरांस संसर्ग देऊ शकतो. म्हणजे वरील उदाहरणातील गृहस्थ आधीच्या रविवारपासूनच संसर्गकारक होते. अहवाल हाती येईपर्यंत त्यातील बहुतेक काळ संपलेला असतो. २०२० साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात नेदरलँड्समधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणे दिसल्यापासून चाचणीचा निकाल लागेपर्यंत तीन वा अधिक दिवस गेले, तर संपर्कातील व्यक्तींचा शोध कितीही चोख घेतला तरी केवळ त्या बळावर साथ आटोक्यात येत नाही, असे त्यांच्या गणिती प्रतिमानातून दिसले.

रांग लागली की आकडा मुका होतो

आता प्रयोगशाळेकडे पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एखाद्या प्रयोगशाळेची क्षमता दररोज १,००० नमुन्यांची आहे आणि शंभरातील दहा नमुने बाधित निघतात. सोमवार ते शुक्रवार दररोज १,३०० नमुने आले, तर बाधित प्रत्यक्षात १३० असतात. परंतु तपासले जातात १,००० च, म्हणून पत्रकात १०० येतात. शुक्रवारअखेर १,५०० नमुने शिल्लक राहतात. शनिवारी व रविवारी ५०० च नमुने आले, तरी शिल्लक साठा उपसला जात असल्यामुळे आकडा पुन्हा १०० च येतो. सात दिवस रेषा सरळ. लोक म्हणतात, साथ स्थिरावली. पुढल्या सोमवारी नवे यंत्र आले, क्षमता २,००० झाली आणि आकडा एकदम दुपटीच्या घरात गेला. लोक म्हणतात, स्फोट झाला. दोन्ही वेळा समाजातील संसर्गाविषयी त्या आकड्याने काहीच सांगितलेले नसते. तो यंत्राची क्षमता तेवढी सांगत होता.

मृत्यूंच्या नोंदीतही असेच घडते. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने जुन्या नोंदींचा ताळमेळ घालून आधीचे १,३२८ मृत्यू एकाच दिवशी एकूण संख्येत मिळवले. त्यांपैकी ८६२ मुंबईतील होते. त्या दिवसाचा आलेख पाहणाऱ्यास एका रात्रीत अनर्थ झाल्यासारखे वाटावे. अनर्थ झाला होता खरा, पण तो मागील अनेक आठवड्यांत विखुरलेला होता.

विलंब कमी करण्याचे जे उपाय असतात, तेही साथीच्या ऐन भरात निकामी होतात. १३ एप्रिल २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाचपर्यंत नमुने एकत्र मिसळून तपासण्याची मुभा दिली, तीही बाधितांचे प्रमाण कमी असलेल्या भागांपुरती. त्यामागचे गणित सोपे आहे. शंभरात एक नमुना बाधित असेल, तर पाचांचा गट करून १०० नमुन्यांचा निकाल सुमारे २५ चाचण्यांत लागतो. शंभरात ४० बाधित असतील, तर जवळजवळ प्रत्येक गट बाधित निघून त्यातील नमुने पुन्हा सुटे तपासावे लागतात आणि चाचण्या होतात सुमारे ११२. मे २०२१ च्या पूर्वार्धात गोव्यात तपासलेल्या दर दोन-तीन नमुन्यांमागे एक बाधित निघत होता. ७ मे रोजी एका दिवसात ४,१९५ नवे रुग्ण नोंदले गेले. एवढ्या प्रमाणात रुग्ण सापडू लागले की न सापडलेल्यांची संख्या त्याहून बरीच मोठी असते, हे ओळखावे. ४ मे २०२१ च्या आपल्या सूचनेत परिषदेनेही प्रयोगशाळांवरील असाधारण ताण व तेथील कर्मचाऱ्यांनाच झालेला संसर्ग यांचा उल्लेख करून, एकदा बाधित ठरलेल्यांची आरटी-पीसीआर चाचणी पुन्हा करू नये, असे सांगितले होते.

पेडणे व डिचोली : लहान आकड्यांचे धोके

राज्याच्या पत्रकात आकडे तालुकावार नसून आरोग्य केंद्रनिहाय असत. डिचोली तालुक्यातील लोकवस्ती डिचोली, साखळी व मये या केंद्रांत विभागलेली. म्हणून पत्रकातील ‘डिचोली’ हा आकडा संपूर्ण तालुक्याचा नव्हे. पेडण्याच्या बाबतीतही कासारवर्णे केंद्राचा आकडा वेगळा पाहावा लागे. ‘साखळीपेक्षा डिचोली बरी’ अशा गप्पा तेव्हा सर्रास होत. पण त्यांतील दोन्ही नावे एकाच तालुक्याचे भाग होते.

दुसरी गोष्ट लोकसंख्येची. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५ होती. पेडण्यात ३० आणि डिचोलीत ३९ रुग्ण आढळले, तर लाखामागे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, सुमारे ४०, ठरते. शिवाय ज्या केंद्रात रोज सरासरी नऊ रुग्ण आढळतात, तेथे केवळ योगायोगानेही एखाद्या दिवशी चार तर दुसऱ्या दिवशी चौदा आढळू शकतात. एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबाचे अहवाल एकाच दिवशी आले, तरी आलेख उसळतो. म्हणून लहान केंद्राचा एका दिवसाचा आकडा कधीही एकटा वाचू नये. सात दिवसांची सरासरी पाहावी.

तिसरा प्रश्न सीमेचा. पत्रादेवी व दोडामार्ग हे नाके प्रशासनाला आहेत, नातेसंबंधांना नाहीत. सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्ण बांबोळीस येतात, इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत. अशा ठिकाणी रुग्णाची नोंद नमुना घेतलेल्या जागी करायची की राहत्या पत्त्यावर, हे निश्चित नसेल, तर तोच रुग्ण दोनदा मोजला जाण्याची किंवा मुळीच न मोजला जाण्याची भीती असते.

दवाखान्यात काय करावे?

समव्यावसायिकांना हे नवे नाही. तरी उजळणी उपयुक्त ठरेल. अहवाल येईपर्यंतचे दिवस हा उपचारातील रिकामा काळ नव्हे. ताप, खोकला व साथीची पार्श्वभूमी असेल तर विलगीकरण, ऑक्सिजनच्या पातळीवर लक्ष आणि धोक्याच्या लक्षणांची समज ही कामे पहिल्या भेटीतच व्हावयास हवीत. अहवालाने निदानाला दुजोरा मिळतो, काळजीचा आरंभ त्याआधीच करावा लागतो.

‘निगेटिव्ह’ या शब्दाचेही भान हवे. २०२० च्या एका बहुचर्चित विश्लेषणानुसार, लक्षणे दिसतात त्या दिवशी केलेली आरटी-पीसीआर चाचणी बाधितांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांत चुकीने निगेटिव्ह येत होती; त्यानंतर तीन दिवसांनी हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर येई. जलद प्रतिजन चाचणीची संवेदनशीलता परिषदेच्या जून २०२० च्या सूचनेत ५०.६ ते ८४ टक्के अशी दिली होती. ती ७० टक्के व विशिष्टता ९९ टक्के धरू. शंभरात दोघे बाधित असताना निगेटिव्ह ठरलेल्यांपैकी एक टक्काही बाधित नसतात. शंभरात ४० बाधित असताना मात्र निगेटिव्ह ठरलेल्या दर सहा जणांत एक बाधित असतो. चाचणी तीच, कागद तोच. साथ वाढली की त्याचा अर्थ बदलतो. हे रुग्णाच्या कुटुंबास सोप्या शब्दांत सांगणे हे आपलेच काम आहे.

पुढील वेळेसाठी

१९ मे २०२१ रोजी पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती चाचणीसंचास मान्यता मिळाली आणि १० जानेवारी २०२२ च्या सूचनेनुसार लक्षणे नसलेल्या बहुतेक संपर्कितांना चाचणीची गरज उरली नाही. म्हणून २०२१ च्या मे महिन्यातील आणि २०२२ च्या जानेवारीतील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे योग्य नव्हे. मोजण्याची काठीच बदलली होती. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या जानेवारीत पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरून विमानसेवा सुरू झाली होती. २०२० मध्ये ज्या तालुक्याचे प्रवेशद्वार म्हणजे पत्रादेवीचा नाका होता, तो तालुका आता जगाशी थेट जोडला गेला आहे. पुढची साथ कोठून येईल ते कोणी सांगू शकत नाही. पेडण्याने सज्ज असावे, हे मात्र सांगता येते.

यासाठी नागरिकांनी आणि वैद्यक संघटनांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा. पत्रकात अहवालाच्या तारखेबरोबर नमुना घेतल्याची तारीख असावी. त्या दिवशी किती नमुने शिल्लक आहेत, हे लपवले जाऊ नये. बाधितांच्या संख्येशेजारी एकूण चाचण्यांची संख्या असावी. आणि नमुना दिल्यापासून अहवाल मिळेपर्यंत सरासरी किती तास लागले, हे केंद्रनिहाय जाहीर व्हावे. यांतील एकाही गोष्टीस नवे यंत्र लागत नाही. ही माहिती नोंदवहीत आधीच असते.

त्या काळात स्वॅब देऊन घरी बसलेल्या माणसाला पत्रकातील चार आकडी संख्येशी देणेघेणे नव्हते. आपली म्हातारी आई शेजारच्या खोलीत झोपली तर चालेल का, एवढेच त्याला हवे होते. अहवाल चौथ्या दिवशी आला तर त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून पुढच्या वेळी ‘आज किती?’ असे विचारण्यापूर्वी ‘हा नमुना कोणत्या दिवशीचा?’ असे विचारण्याची सवय आपण स्वतःस आणि आपल्या रुग्णांस लावली, तर त्या दोन वर्षांतून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.