पासपोर्ट फोटोमागचे विज्ञान

समजा, तुम्ही माजरीला राहता. वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरचे हे जंक्शन. इथून एक फाटा वणीकडे जातो आणि भोवती कोळशाच्या खाणी आहेत. संध्याकाळचे सात वाजले आहेत. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत उद्या संपणार आहे. बाजारातला फोटो स्टुडिओ बंद झाला आहे. म्हणून तुम्ही घरातल्या दिव्याखाली, भिंतीला पाठ लावून, हात लांब करून स्वतःचा फोटो काढता आणि पाठवता. पण तो काही केल्या स्वीकारला जात नाही. भिंतीवर सावली आहे, पार्श्वभूमी पांढरी नाही, चेहरा नीट दिसत नाही!

तुम्ही म्हणाल, "एवढासा फोटो, त्याला इतके नियम कशाला?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे, की पासपोर्टचा फोटो हे चित्र नसून मोजमाप असते. आपण कापड मोजताना पट्टी सरळ धरतो. तसाच चेहरा मोजताना कॅमेराही ठरावीक रीतीने धरावा लागतो.

या नियमांमागे इतिहास आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी पासपोर्टवर, म्हणजेच पारपत्रावर, फोटो लावण्याची सक्ती सर्रास नव्हती. १९१४ साली कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर एका अमेरिकन माणसाचे पारपत्र घेऊन ब्रिटनमध्ये वावरला. तो पकडला गेला आणि त्याला मृत्युदंड झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने पारपत्रावर फोटो आवश्यक केला. सुरुवातीला लोक टोपी घातलेले, अगदी कुटुंबासोबतचे फोटोसुद्धा लावत. हळूहळू शिस्त आली. १९८० साली आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने यंत्राने वाचता येणाऱ्या पारपत्रांचे नियम प्रथम प्रसिद्ध केले. आता पारपत्रात इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि तिच्यात तुमचा चेहरा साठवलेला असतो. भारतात अशा ई-पासपोर्टचा प्राथमिक प्रयोग १ एप्रिल २०२४ पासून सुरू झाला. त्यासाठी आरंभी निवडलेल्या कार्यालयांत आपल्या विदर्भाचे नागपूर होते.

आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो तिथेच काढतात. चार वर्षांखालील बाळाचा फोटो मात्र सोबत न्यावा लागतो. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना तो अर्जासोबत द्यावा लागतो. २०२५ च्या सप्टेंबरपासून त्यांच्यासाठी वर सांगितलेले आंतरराष्ट्रीय नियम काटेकोरपणे लागू झाले. पार्श्वभूमी पांढरी, चेहऱ्याने व्यापलेला भाग ८० ते ८५ टक्के, कॅमेऱ्याचे अंतर दीड मीटर, सावली नाही, फोटोत संगणकाने फेरफार नाहीत, असे ते नियम आहेत. नीटसारख्या परीक्षांच्या अर्जातही पांढरी पार्श्वभूमी आणि कानांसह स्पष्ट दिसणारा चेहरा मागतात. तेव्हा हे नियम आपण एकेक करून तपासू या.

दीड मीटरच का?

एक सोपा प्रयोग करा. फोन चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरून मित्राचा फोटो काढा. मग दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, मागे जाऊन दुसरा काढा. दुसरा फोटो कापून दोन्ही चेहरे सारख्या आकाराचे करा आणि शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात नाक मोठे दिसेल आणि कान मागे सरकल्यासारखे वाटतील.

असे का होते? नाकाचा शेंडा कानांच्या सुमारे १२ सेंटिमीटर पुढे असतो असे धरू. जवळची वस्तू अंतराच्या प्रमाणात मोठी दिसते. नाक ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ वर. ४२ भागिले ३० म्हणजे १.४. याचा अर्थ, कानांच्या मानाने नाक ४० टक्के मोठे! आता नाक १५० वर आणि कान १६२ वर. भागाकार १.०८. फरक केवळ ८ टक्के उरला. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी हेच गणित चेहऱ्याच्या प्रतिकृतीवर केले. त्यांना आढळले, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत पुरुषाचे नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. पाच फुटांवर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. चेहऱ्याची ही प्रमाणे केवळ अंतरावर अवलंबून असतात. फोटो नंतर कापल्याने किंवा मोठा केल्याने ती बदलत नाहीत. म्हणून लांबून काढा आणि मग कापा.

पण कापताना थोडे गणित करावे लागते. परदेशातल्या अर्जासाठी ६३० × ८१० बिंदूंचा, म्हणजे पिक्सेलचा, फोटो मागतात. हे आकडे कुठून आले? छापील फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा असतो. दोन्ही आकड्यांना १८ ने गुणून पाहा. म्हणजे एका मिलिमीटरला १८ बिंदू. ८१० चे ८० टक्के म्हणजे सुमारे ६५० बिंदू चेहऱ्याच्या उंचीत हवेत. आता १२ मेगापिक्सेलचा फोटो उभा धरला, तर त्याच्या उंचीत सुमारे ४,००० बिंदू असतात. दीड मीटरवरून सामान्य फोनच्या चौकटीत सुमारे दोन मीटर उंची मावते. म्हणजे सेंटिमीटरला २० बिंदू. हनुवटीपासून डोक्यापर्यंत २२ सेंटिमीटर धरले, तर ४४० बिंदूच मिळतात. कमी पडले! फोनमध्ये ५० मेगापिक्सेलची निवड असेल तर ती वापरा. बिंदू दुप्पट होऊन ८८० मिळतील. दुप्पट मोठे दाखवणारे वेगळे भिंग असेल तर तेही चालेल.

सावली कशी घालवायची?

सावलीचे दोन भाग तुम्ही शाळेत शिकला आहात. प्रच्छाया, म्हणजे गडद भाग, आणि तिच्या कडेची फिकट उपच्छाया. प्रकाशाचा उगम लहान असेल, तर प्रच्छाया ठळक पडते. उगम मोठा असेल, तर उपच्छाया पसरते आणि सावली विरघळून जाते. दिवा हा लहान उगम, तर खिडकी हा मोठा उगम. म्हणून सकाळी, ऊन थेट आत येत नसेल तेव्हा, खिडकीकडे तोंड करून बसा. तिच्यातून आकाशाचा विखुरलेला प्रकाश येतो आणि दोन्ही गालांवर सारखा पडतो. पाठ भिंतीला टेकवू नका. भिंतीपासून एक मीटर पुढे या, म्हणजे उरलीसुरली सावलीही फिकट होऊन पसरेल. फोनचा झगझगीत दिवा मात्र बंद ठेवा. तो भिंगाच्या अगदी शेजारी असतो. त्यामुळे कपाळ चकाकते आणि डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून प्रकाश परत येऊन बुबुळे लाल दिसू शकतात.

कोळसा आणि चुना

आता तिसरा दोष. भिंत पांढरी असूनही फोटोत करडी का येते? याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्याच दोन वस्तूंकडून मिळवू या. एक कोळशाचा खडा घ्या आणि चुन्याने रंगवलेल्या भिंतीसमोर जा. सारख्याच उजेडात दोघांचे वेगवेगळे फोटो काढा. प्रत्येक वेळी तीच एक वस्तू सगळी चौकट भरून टाकेल असे पाहा. बहुतेक फोनांत गंमत दिसेल. कोळसा काळा न येता करडा येतो आणि चुनाही करडाच!

कारण असे. फोनला वस्तू ठाऊक नसते, केवळ आलेला प्रकाश ठाऊक असतो. सर्वसाधारण दृश्य मध्यम उजळ असते असे तो गृहीत धरतो. कोळशाकडून प्रकाश कमी आला, की तो फोटो उजळ करतो. चुन्याकडून जास्त आला, की मंद करतो. तुमच्यामागे पांढरीशुभ्र भिंत असली, की हाच न्याय लागू होतो. भिंत करडी होते आणि सावळा चेहरा तर आणखी काळवंडतो. दोष चेहऱ्याचा नाही, मोजणीचा आहे.

उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे तो चेहऱ्याचा प्रकाश मोजेल. अनेक फोनांत तिथे सूर्याचे चिन्ह उमटते. ते थोडे वर सरकवा. कातडीचा रंग तुमच्या हाताच्या रंगाशी जुळला, की थांबा. रंग "गोरा" करणारी सोय मात्र बंदच ठेवा. पुढे यंत्र तुमचा खरा चेहरा या फोटोशी ताडून पाहणार आहे. यंत्रेही चुकतात, हे विसरू नका. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन संगणकीय प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. या प्रणालींना शिकवण्यासाठी सावळे चेहरे पुरेसे दाखवले गेले नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणून आपला चेहरा आहे तसा आणि स्पष्ट नोंदवणे महत्त्वाचे.

उद्या सकाळी

आता सारे एकत्र करू. भिंतीवर कोळशाची धूळ बसली असेल, तर धुतलेली पांढरी चादर ताणून बांधा, सुरकुती राहू देऊ नका. गडद रंगाचा सदरा घाला, म्हणजे खांदे पार्श्वभूमीत मिसळणार नाहीत. फोनच्या भिंगावरची धूळ आधी फुंकरीने उडवा, मग मऊ सुती कापडाने पुसा. धुळीसकट घासले, तर चरे पडतील. चष्मा काढा, केस कानांमागे घ्या. फोन दुसऱ्याने धरावा, मागच्या कॅमेऱ्याने, बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. फोन खाली असेल तर हनुवटी मोठी दिसते, वर असेल तर कपाळ. तोंड मिटलेले, डोळे उघडे, नजर सरळ. तान्ह्या बाळाला खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर निजवा आणि वरून फोटो काढा. आईचा हात चौकटीत येऊ देऊ नका.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यातही चेहऱ्याचा फोटो होताच. शिष्यवृत्ती, परीक्षा, परदेशप्रवास, अशा कितीतरी दारांशी आता आपला चेहरा आपल्याआधी पोहोचतो. तो नीट पोहोचवायला महागडे सामान लागत नाही. खिडकी, चादर, दीड मीटरची दोरी आणि फोन धरायला एक मित्र एवढे पुरे. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे ना? मग आज दोरी मोजून ठेवा. सकाळी आठ वाजता खिडकीत भरपूर उजेड असेल.