पार्टनर निवडताना गेममधली ही युक्ती वापरा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेत १९७४ साली आलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा गेम. प्रत्येकजण एक पात्र घेतो आणि कागदावर त्याचं 'अलाइनमेंट' लिहितो, म्हणजे त्याची नैतिक बाजू. सुरुवातीला तीनच बाजू होत्या: शिस्त, तटस्थ, बेबंद. १९७८ च्या नियमपुस्तकात चांगला, मधला, वाईट ही दुसरी मोजपट्टी जोडून नऊ प्रकार केलेले दिसतात.

खरी गंमत इथेच आहे! माणूस नियमाने वागतो का आणि माणूस चांगला आहे का, हे दोन वेगळे प्रश्न झाले. पार्टनर शोधताना आपण नेमकी इथेच गल्लत करतो. हिशेब चोख ठेवणारा मापात मारू शकतो. दिलदार माणूस उधारी वहीत लिहायलाच विसरतो. (दुसरा प्रकार जास्त महागात पडतो, असं माझं मत.)

पण कुणावर कायमचा शिक्का मारू नका. जुन्या नियमांत पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, मुद्दाम वाईट वागला की त्याची खास शक्ती जायची. 'वाईट' कशाला म्हणायचं यावर मग वाद. २०१४ च्या आवृत्तीत पॅलाडिनला अलाइनमेंटची अटच ठेवली नाही.

तुम्ही पार्टनरला एवढंच विचारा: गिऱ्हाईकाने चुकून पाचशे रुपये जास्त दिले आणि निघून गेलं, तर काय करायचं? उत्तर दुकान उघडायच्या आधी लिहून घ्या, दोघांचंही.